देशी झाडं, हात लावू नये

६ जून १९८२, रविवार
संप लांबला असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. पंधरा दिवसांत मिटतो. तोवर घरात बसून माणूस गंजायचा. मिलमध्ये साचे चालवलेल्या हाताला काम हवं.

रात्री जेवताना रखमाला सांगितलं, यंदा गणपतीला गावी जायचं जमणार नाही. एसटीच्या भाड्याचा प्रश्न नाही. मिलच्या गेटवर माझी गरज आहे. मूर्ती इथेच खोलीत आणू. तर म्हणाली, "गणपती हय हाडशात, पण माटवीक काय बांधशात? बाजारातले मिरचे?"

माटवी म्हणजे आमच्याकडचं मोठं काम. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, तिला रानातली फुलं, फळं, वेल बांधायचे. तेरडा तर हवाच. माटवी रिकामी असली तर गणपती बसल्यासारखाच वाटत नाही, म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला बघवेना. बोलून गेलो, माटवीचं सगळं मी इथे उगवून दाखवतो.

बोललो ते बोललो. माणसाला शब्द असतो.

७ जून
चाळीच्या मागे मिलच्या भिंतीलगत मोकळी पट्टी आहे. लोक कचरा टाकतात. तिथे बाग. नुसती बाग नाही, चळवळ. 'देशी वनस्पती संवर्धन मंडळ, लालबाग' स्थापन केलं. अध्यक्ष मी. सेक्रेटरी समोरच्या खोलीतल्या कुशाबाला करणार होतो, पण तो संप मिटेपर्यंत साताऱ्याकडे शेतावर गेलाय. बरंच झालं. घाटावरच्या माणसाला आमच्या कोकणच्या झाडांतलं काय कळणार? सध्या सेक्रेटरीही मीच. पहिली मीटिंग झाली. ठराव एकमताने पास : विलायती झाड एकही नको.

ठरावाची अंमलबजावणी लगेच सुरू केली. शेजारच्या पुतळाबाईच्या दारात क्रोटनची कुंडी आहे. तिला सांगितलं, हे परदेशी, काढा. ती मासळीवाली, तोंडाला कोण लागणार! म्हणाली, "तुजा पंखा पन विलायती हाय, त्यो पयले काढ." लोकांमध्ये जागृती कमी आहे.

१३ जून, रविवार
मेव्हणा लहू गावाहून आला. बियांची पुडी आणली. सगळ्या बिया एकाच पुडीत! कुठली कशाची विचारलं तर म्हणाला, "रुजल्यार कळात." या लोकांना शिस्त म्हणून नाही.

खतासाठी रे रोडला गेलो. तिथल्या धान्याच्या गोदामात माझा ओळखीचा रामजी आहे. बाहेरून आलेल्या गव्हाच्या पोत्यांखालची झाडलोट त्याने फुकट दिली, दोन गोण्या. म्हणाला, "टाका बिनधास्त, ह्याच्यात काय बी उगवतं." कंडक्टरने बसमध्ये घेतलं नाही. डोक्यावरून आणल्या. मान धरली आहे. पण खत असं पुन्हा मिळायचं नाही.

संध्याकाळी पेरणी केली. तेरडा फुलेपर्यंत चहा बंद, आजपासून.

१४ जून
चहा उद्यापासून बंद.

२७ जून, रविवार
उगवलं! सगळी पट्टी हिरवी. रखमाला हाताला धरून दाखवायला नेलं. चाळीतले लोकही आले. भाषण करावंसं वाटलं, केलं.

रोपं दोन प्रकारची आहेत. एक मऊ, रसदार देठाची, मरतुकडी. दुसरी जोमदार, पानं कातरलेली, नक्षीदार. बघताच कळतं की यातली आपली कुठली. आपल्या मातीतलं झाड आपल्या मातीत जोमाने वाढणारच. मरतुकडी रोपं म्हणजे तण.

२९ जून
तण काढलं. सबंध सकाळ गेली. रखमा म्हणत होती, "माका तो तेरडो वाटता हो." खात्री आहे का विचारलं, तर नाही म्हणाली. तिचा जन्म परळचा, गावी जायची ती गणपतीपुरती. फुललेला तेरडा बघितलाय फक्त. मी तर गावीच जन्मलो. आता चौदाव्या वर्षी मुंबईत आलो हे खरं, पण रक्तात असतं ते असतं.

उपटलेलं सगळं कचऱ्यात टाकलं. पट्टी कशी साफ दिसते.

१० जुलै, शनिवार
बोर्ड लावला. मोर्च्यातला एक फलक पडून होता, त्याच्या मागच्या बाजूला रंगवलं : 'देशी झाडं. हात लावू नये. हुकुमावरून, अध्यक्ष.' मिलच्या भिंतीला टेकवून उभा केला. अक्षर बरं आलंय.

रोपं गुडघ्याला लागली. रोज हाताने पानं पुसतो. प्रेम लागतं.

मनगटाला जरा खाज येते आहे. नवा साबण.

१८ जुलै
मंडळाचा प्रसार. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला डालड्याच्या डब्यात एकेक रोप दिलं. पुतळाबाईने घेतलं नाही. म्हणाली, माझा क्रोटन बरा.

संप पंधरा दिवसांत मिटेल अशी आतली बातमी आहे.

२५ जुलै
खाज कोपरापर्यंत आणि मानेला. साबण बदलून झाला. विचारान्ती कारण सापडलं : पुतळाबाईने दिलेले सुके बोंबील. तिला सौम्य शब्दांत सांगितलं. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "संपात फुकट खाल्लंस तवा नाय खाजवलास?" आता बोंबील बंद. रखमा माझ्याशी बोलत नाही. सकाळपासून नुसती डाळ.

२ ऑगस्ट
चाळीत खाजेची साथ आली आहे. सगळे मजले खाजवतायत. पाण्यात दोष असावा. म्युनिसिपालिटीकडे अर्ज करणार. एकट्या पुतळाबाईला काही झालेलं नाही. संशयास्पद आहे.

१२ ऑगस्ट
फुलं आली! पांढरी, बारीक, चांदण्यांसारखी. तेरडा असा असतो का, हा प्रश्न रखमाने विचारलाच. तिला समजावलं, मुंबईच्या हवेत रंग उतरतो. माटवीची चौकट आजच टांगून ठेवलीय तिने, धुऊन, हळदकुंकू लावून. येताजाता वर बघते. मला मनातून खूप बरं वाटलं. यंदा तिला काहीतरी देता येतंय.

२० ऑगस्ट, शुक्रवार
कुशाबा आला, गणपतीसाठी. मोठ्या ऐटीत त्याला बाग दाखवायला नेलं. बघतच राहिला. मग म्हणाला, "आरं तुळश्या, गाजरगवताला पानी घालतूस व्हय रं?"

मी म्हटलं, ही देशी वनस्पती आहे.

"कशाची देशी! अमेरिकेच्या गव्हातनं आलंय म्हनत्यात ह्ये. आमच्याकडं जनावरं बी तोंड लावत न्हाईत. आन् हात लावलास, आता खाजीव वरीसभर."

चाळीतले बरेच जण तेव्हा गॅलरीत उभे होते. खाजवत.

घाटावरच्या माणसाला आपण बागेत न्यायलाच नको होतं.

२१ ऑगस्ट, शनिवार
सगळ्या बिऱ्हाडांनी डबे माझ्या दारात आणून आपटले. कुशाबा आणि मी पट्टी उपटायला गेलो, हाताला फडकी बांधून.

रखमाने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पिशवी घेऊन बाजारात गेली, दोन काकड्या आणि मिरच्या घेऊन आली. चौकटीला मिरच्या बांधताना तिची पाठ माझ्याकडे होती. मला रडू आलं. खाजेमुळे डोळे आधीच लाल होते, त्यामुळे कळलं नसावं.

दुपारी बोर्ड काढायला गेलो. भिंतीवरून उचलला, तर मागे, जिथे बोर्ड लावल्यापासून माझा हात पोचला नव्हता तिथे, एक रोप उभं. मऊ, रसदार देठाचं. तण! पण त्याला फुलं होती. गुलाबी, देठाला चिकटून, गावच्या बांधावर असतात तशी.

तेरडा. एकच.

म्हणजे बाकीचे मी जून महिन्यात कचऱ्यात टाकले.

२२ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी
गणपती बसला. माटवीला काकड्या, मिरच्या, आणि बरोबर मध्ये एक तेरडा. रखमाने बांधला. बांधून झाल्यावर लांब उभी राहून बघितलं आणि हसली. संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

पुतळाबाई दर्शनाला आली. माटवीकडे बघून म्हणाली, "एकच हाय, पन खरा हाय." मी बोंबलांबद्दल काही बोलणार होतो. शब्द जुळवतोय.

दिवसभर सगळी चाळ त्या एका रोपाचं कौतुक करत होती. कोणी रखमाचं नशीब म्हणालं, कोणी देवाची कृपा. बोर्डची जागा मी निवडली होती, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.