पट्ट्याचं सहावं भोक

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर नुसतं ठक-ठक. खांदा भरून आलाय.

सकाळी टेम्पोवाल्याची ताडपत्री — चारी कडांना हातहातभर अंतरावर आयलेट. मग मंडळाचा फ्लेक्स. मग एक बाई ब्लाउज घेऊन आली. पाठीला हुक नकोत म्हणे, बुटाला ओवतात तशी दोरी ओवायचीय! बारीक सोनेरी आयलेट मारून दिले. पाठ वळवून वळवून आरशात बघत होती. शिवाय शाळेचा एक बूट, कुत्र्याचा एक पट्टा, क्रिकेटच्या जाळीची फाटलेली कड. दोरी ओवायची तिथे भोक लागतंच, आणि नुसतं भोक फाटत जातं, म्हणून धातूची कडी बसवायची, तोच आयलेट. दापोडीत आमच्या दुकानाइतकं साधं काम दुसऱ्या कुणाचं नसेल. बाबा देहूरोडला लष्कराचे तंबू शिवायचे. हातप्रेस त्यांचा, विद्याही त्यांचीच.

दुपारी एक रंगारी आला. विक्की नाव. तिशीचा असेल. उंच इमारतींना दोरावर लटकून रंग देतात, त्यातला. सेफ्टी बेल्ट घेऊन आला होता — नारिंगी, खांद्यावरून आणि मांड्यांवरून पट्टे असलेला.

"ताई, कावीळ झालती. लई वाळलोय. शेवटच्या भोकात बी ढिला बसतोय बघा."

मांडीच्या पट्ट्याला पाच भोकं होती. मी सहावं पाडलं, दोन्ही पट्ट्यांना एकेक. पितळी आयलेट, मागून वायसर, आणि मागची कड पॉलिश पेपरने घासून दिली, मांडीला बोचायला नको म्हणून. ही बाबांची सवय. बाजारात एवढं कुणी करत नाही. त्याने दुकानातच बेल्ट चढवला आणि दोन उड्या मारल्या. "आता कसं! फिट!"

खरं सांगायचं तर बरं वाटलं. ताडपत्रीपेक्षा हे काम मोठं. माणूस वर लटकणार, आणि त्याला आधार माझ्या हातचा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी सकाळी भांडण. गॅस चालू ठेवून मी दुकान उघडायला गेले. जयसिंग ओरडला. (तोंडावर 'अहो', पण वहीत जयसिंगच लिहिते. इथे कोण बघतंय!) मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "बेल्ट घातला असता तर तुमचं ऐकलं असतं."

त्याने नेहमीसारखी काठी उचलली आणि सोसायटीच्या गेटवर ड्यूटीला गेला.

लागेल असं बोलले, कळतं मला. पण आठ वर्षं झाली तरी राग जात नाही. चाकणला शेडचे पत्रे बसवताना पडला. ठेकेदार म्हणाला, याच्या अंगावर बेल्टच नव्हता. आणि नव्हताच — दवाखान्यात मी स्वतः बघितलं. कमरेत सळई, काम सुटलं, चाळिशीच्या आतच हातात काठी. सगळं कशामुळे, तर कमरेला एक पट्टा बांधायचा कंटाळा! बाबा आमच्याकडेच राहायचे. त्यांनी वारेपर्यंत त्याला रोज ऐकवलं, "जावईबापू, बेल्ट घातला असता तर." आणि जयसिंग म्हणायचा, "चुकलं, बाबा." कबूलच करायचा! मग मी बोलले तर काय झालं?

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सरळ लिहिता येत नाही.

प्रीतमभाऊ आले होते. जयसिंगसोबत त्या शेडवर कामाला होते. आता एका कंपनीत सेफ्टी बघतात. पोहे केले. गप्पा चालल्या होत्या. मीच कौतुकाने विषय काढला — आता रंगाऱ्यांचे सेफ्टी बेल्टसुद्धा येतात हो माझ्याकडे! कावीळ, ढिला पट्टा, सहावं भोक, सगळं सांगितलं.

प्रीतमभाऊंनी बशी खाली ठेवली.

"वहिनी, बेल्टला भोक पाडायचं नसतं."

म्हटलं, पाच होतीच की आधी.

"ती कंपनीची. तेवढी भोकं धरून पट्टा बनवतात, ओढून तपासतात. आपण नंतर पाडलं की धागे तुटतात. नुसतं बसायला काही होत नाही. पण माणूस सुटला आणि झटका बसला, की पट्टा तिथूनच फाटतो."

"पण मी पितळी कडी बसवलीय. वायसर लावलाय."

"कडीने धागे परत जोडले जात नाहीत, वहिनी."

मी जयसिंगकडे बघितलं. तो प्रीतमभाऊंकडे बघत होता. मग उठला आणि बाहेर गेला. पोहे तसेच.

पाच दिवस झाले. पाच दिवस तो माणूस त्या पट्ट्यावर लटकतोय.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. आधी कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. फ्लेक्सचे पांढरे तुकडे, ताडपत्रीचे निळे. त्यात ते सापडले — दोन नारिंगी, गोल, शर्टाच्या बटणाएवढे. त्या पट्ट्यातून मी एवढं काढून घेतलं होतं. चिमटीत धरून नखाने उसवलं तर सुटे धागे निघाले. किती तरी. मोजायचं धाडस झालं नाही. दुसरा तुकडा पर्समध्ये ठेवला.

फोन नंबर घेतलेला नाही. आडनाव माहीत नाही. "पुनावळ्याला बावीस मजली" एवढंच तो बोलता बोलता म्हणाला होता. बसने गेले. बावीस मजली! तिथे जिकडे बघावं तिकडे बावीस मजली. एका गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बाई, विक्की म्हणजे कोण? इथं हाळी दिली तर धा विक्की येतील." दुसऱ्याने आत सोडलंच नाही. तिसऱ्या ठिकाणी रंगकाम चालू होतं. मान वर करून बघितलं, पाच माणसं लटकलेली, सगळ्यांचे बेल्ट नारिंगी. खाली उभी राहून ओरडले, "विक्की!" वरून एकाने हात केला. अर्धा तास थांबले. खाली उतरला तो दुसराच कुणीतरी होता, त्याला वाटलं चहावाली आलीय.

मान दुखतेय. डोळे मिटले की दोर दिसतात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुकान उघडलं, पण काम होईना. शाळेच्या बुटाचा आयलेट चुकवला, कातडं फाटलं, नवा बूट भरून द्यावा लागणार. एक माणूस ट्रकची ताडपत्री घेऊन आला. विचारलं, "याखाली कोण झोपतं का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ताई, कांदे असतात."

आता प्रत्येक भोकाची भीती वाटते. पूर्वी कडी बसली की मन भरायचं. आता वाटतं, आधी आपण भोक पाडतो आणि मग वर चमकदार कडी लावून ते झाकतो. बाबांना विचारायला हवं होतं — कुठे पाडायचं नाही, हे का नाही शिकवलंत? बुद्धांच्या फोटोशेजारी बाबांचा फोटो आहे. तिथे उभी राहून मोठ्याने विचारलं. जयसिंग मागे उभा होता.

"त्यांना तरी कुठे माहीत होतं," म्हणाला.

इतकं हळू म्हणाला की वाटलं, तो बाबांचीच समजूत घालतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पेपरात बातमी. बारा ओळींची. इमारतीवरून पडून कामगार ठार. रंगारी नाही, सेंट्रिंगवाला. नाव वेगळं. हुश्श झालं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या घरी पण कुणीतरी असेलच ना!

प्रीतमभाऊंना चार फोन केले. ते म्हणाले, "वहिनी, शोधतोय. रंगाचे ठेकेदार ठरलेलेच आहेत. धीर धरा." धीर कशावर धरायचा?

जेवण जात नाही. जयसिंगने भाकरी मोडून ताटात ठेवली. म्हणाला, "सापडेल तो." मी म्हटलं, नाही सापडला तर? म्हटलं, मी माणूस मारला असेल तर? तर जयसिंग म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस. प्रेमाने केलंस." हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. माझ्यासाठी एवढं? मला कळेचना.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सापडला! सापडला! जिवंत आहे!

आधीपासून लिहिते. काल संध्याकाळी प्रीतमभाऊंचा फोन — पुनावळ्याचं काम संपलं, सगळी माणसं मोशीला गेलीत. आज सकाळी नऊला प्रीतमभाऊ आणि मी तिथे. प्रीतमभाऊंनी कंपनीचं कार्ड दाखवून गेट उघडवलं. मी वर बघितलं. चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर तो! बादली कमरेला, हातात रोलर, पाय भिंतीला टेकलेले. मला ओळखलं आणि वरून आनंदाने हात हलवला. हात सोडून!

ओरडायचं नाही, असं प्रीतमभाऊंनी बजावलं होतं. दचकला म्हणजे? शांतपणे खाली बोलवून घ्यायचं. वीस मिनिटं लागली. मी पर्समधला तो नारिंगी तुकडा मुठीत धरून उभी होते. सगळ्या देवांना सोडून मी त्या पट्ट्याशी बोलत होते — अजून दहा मजले, अजून सहा, अजून दोन.

पाय जमिनीला लागले आणि तो हसत म्हणाला, "ताई, तुमी हितं कशा?" बेल्ट उतरवून घेतला. माझे आयलेट पाहिले. डाव्या पट्ट्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. कडेने दोन-तीन धागे बाहेर आलेले. पर्समधून कात्री काढली आणि दोन्ही पट्टे कापून टाकले.

विक्की भडकला. "अवो ताई! डोकं फिरलं काय तुमचं? आता म्या वर कसा जाऊ? आजचा खाडा तुमी देणार का?" त्याचा मुकादमही धावत आला. "बाई, सगळेच पाडतात भोकं, आजवर काय झालं नाही!" मी तुकडा दाखवला, पण त्यांना तो काय आहे कळेना. शेवटी प्रीतमभाऊंनी गाडीतून नवा बेल्ट आणला, लहान मापाचा. विक्कीला घालून बघितला. तिसऱ्या भोकातच घट्ट बसला. लहान माप मिळतं! एवढं साधं! त्याला कुणी दिलंच नव्हतं. मग तो जरा निवळला, म्हणाला, "ताई, एवढ्यासाठी आलता व्हय?" मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसून रडले. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

मुकादमालाही प्रीतमभाऊंनी सोडलं नाही. बाकीचे बेल्ट खाली उतरवून तपासले. आणखी दोन निघाले, भोकं पाडलेले. माझे नव्हते, नुसतं सुरीने कोरलेलं काम.

परत येताना गाडीत प्रीतमभाऊ म्हणाले, "वहिनी, आठ वर्षांपूर्वी कुणी असं धावत आलं असतं तर." आणि एकदम थांबले. मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी गाडीचा रेडिओ लावला. त्यांना रेडिओ आवडत नाही, मला माहीत आहे.

घरी आल्यावर जयसिंगला सगळं सांगितलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रेसवर पाटी लावली — 'सेफ्टी बेल्टचे काम घेत नाही. भोक पाडू नका, लहान माप मागा.' जयसिंगने अक्षर काढून दिलं.

झोप लागायला हवी होती. लागत नाही. प्रीतमभाऊंचं वाक्य डोक्यातून जात नाही. 'आठ वर्षांपूर्वी' कुणी धावत यायला हवं होतं? त्याच्या अंगावर बेल्टच नव्हता ना! जयसिंगला सरळ विचारलं. "जाऊ दे ना, नीला." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "उद्या. उद्या सुट्टी आहे."

आमच्या लग्नातला फोटो काढून बघत बसले. सगळे त्याला हसले होते, नवरदेवाची पँट पिनांनी आवळलीय म्हणून. किती बारीक होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

मला माळ्यावर चढवलं. त्याला चढता येत नाही. मागच्या कोपऱ्यात एक पिशवी, गाठ मारलेली. आत कमरेचा बेल्ट, जुन्या पद्धतीचा. पाच भोकं कंपनीची, कड्या गंजलेल्या. सहावं पितळी. मागची कड पॉलिश पेपरने घासलेली, बाबांच्या हातची. पट्टा तिथूनच फाटलाय.

जयसिंग पडला तेव्हा बेल्ट वर हुकाला तसाच लटकत राहिला होता. प्रीतमभाऊंनी ठेकेदाराच्या आधी काढला आणि दवाखान्यात आणून दिला, भोक पाडल्याचा आळ जयसिंगवर नको म्हणून. जयसिंगने भोक बघितलं आणि त्यांना सांगितलं, कुणाला दाखवू नकोस.

"बाबांना कळलं असतं तर जगले नसते," म्हणाला.

आणि बाबा रोज म्हणायचे, बेल्ट घातला असता तर. आणि हा रोज म्हणायचा, चुकलं, बाबा.