दोन रिकामे खण

मी लेबरेख्त हाउबोल्ड, वय अडुसष्ट, फ्राइबेर्ग गावचा औषधविक्रेता, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. पाय सुजले आहेत, डोके शाबूत आहे. बळजबरी कोणी केलेली नाही. तेवढा रसच माझ्यात कोणाला उरलेला नाही.

एक. दुकान, त्याचा परवाना आणि वरचे घर माझा सहायक त्राउगोट झाइडलर याला. मुलगी ओटिली हिला देता आले असते तर दिले असते, पण बाईला परवाना मिळत नाही आणि घर परवान्यासोबतच जाते. नऊ वर्षांत झाइडलरला धड वजन करता आलेले नाही. ओटिली मागून गुपचूप दुरुस्त करते आणि गावाला वाटते, झाइडलर हुशार.

दोन. ओटिलीला तिच्या आईची तांब्याची कढई, पियानो आणि माझा तराजू.

तीन. आमच्या विज्ञान मंडळाच्या चिटणिसांना माझी रविवारची उंच टोपी. आठ वर्षांपूर्वी भर सभेत ते माझ्यावर हसले होते. डोक्यात काही नसले तरी डोक्यावर असावे.

चार. ते का हसले, हे सांगतो. मूलतत्त्वे वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली की ठरावीक अंतराने तेच गुण पुन्हा दिसतात, म्हणजे सारख्या गुणांची तत्त्वे एकाखाली एक येतात. मी दुकानाच्या कपाटातले खण रिकामे करून प्रत्येकात एकेका तत्त्वाची चिठ्ठी ठेवली. जस्तापर्यंत छान जमले. पुढचे वजन आर्सेनिकचे, म्हणून ते पुढच्या खणात टाकले, तर आले अॅल्युमिनियमच्या खाली. त्याचे सख्खे भावंड फॉस्फरस दोन खण पलीकडे.

ओटिली तेव्हा सव्वीस वर्षांची. म्हणाली, "बाबा, मधले दोन खण मोकळे सोडा. त्यांतली तत्त्वं अजून कोणाला सापडली नसतील."

"रिकामा खण? तपासनीस आला तर दुकानाचं नाक कापेल," मी म्हणालो.

"अहो, हे दुकान नाही."

तिने दोन जागा सोडून वेगळा कागद केला होता. त्यात आर्सेनिक फॉस्फरसखाली, सेलेनियम गंधकाखाली, ब्रोमिन क्लोरीनखाली, सगळे आपापल्या घरी. मी तो भट्टीत टाकला आणि माझा कागद मंडळात वाचला. चिटणिसांनी विचारले, "हाउबोल्ड, आर्सेनिक वाट चुकलं की तुम्ही?" माझ्या बापाने रिकाम्या खणासाठी मला थोबाडले होते, ती सवय मी विज्ञानात घेऊन गेलो. आता रशियात कोणीतरी त्याच दोन जागा रिकाम्या सोडून तक्ता छापला आहे. त्याचे नाव होईल, ते योग्यच. पण माझ्या मुलीला हे आधी दिसले होते. कागद राहिला नाही. पुरावा हे कलमच. चिटणिसांनी ते मंडळात वाचावे.

पाच. काल कॉफी देताना ओटिलीने वरचे कलम वाचले. मला वाटले, रडेल. ती म्हणाली, "खोडा हे."

"का गं?"

"झाइडलर मला घर सांभाळायला ठेवतोय. म्हणाला, राहा, पण दुकानात अक्कल पाजळायची नाही. हे मंडळात वाचलं तर दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर."

"मग तुझं नाव?"

"नाव घेऊन कुठे झोपू, बाबा?"

मला तिची लाज वाटली नाही, माझी वाटली. तिच्या इच्छेप्रमाणे कलम चार रद्द करत आहे. खोडलेला मजकूरही वाचता यावा असा नियम आहे, म्हणून एकच रेघ मारली आहे. चिटणिसांनी ते वाचू नये. टोपी मात्र घ्यावी.

फ्राइबेर्ग, ३ नोव्हेंबर १८७२
सही: लेबरेख्त हाउबोल्ड

साक्षीदार: बाल्थासार उलिष, पाववाला; बेनो क्लेम, खाणीतील कारकून.
कलम चार आमच्यासमोर खोडले. त्यात काय होते, ते आम्ही विचारले नाही.