वरच्या खोलीतली कुरकुर

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. आई हवापालटाला इथे आली त्याला दोन महिने झाले. तब्येत बरी आहे. पण वरच्या खोलीतली कुरकुर दिवसेंदिवस वाढतेच आहे. सकाळी डोळा उघडायच्या आत सुरू! तुझे भावोजी खाली बसून मुद्रितं तपासतात, त्यांचं डोकं उठतं. मी आपली दम धरून होते, पण आता माझाही धीर सुटला. पुढच्या रविवारी कायमचा बंदोबस्त करणार आहे. तेव्हा आईला चार दिवस तुझ्याकडे ठेवून घेशील का?

लोभ आहेच, त्यात लवकर उत्तराची भर घाल.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण टाकून लिहायला बसलो. दोन महिन्यांत आईची कुरकुर असह्य झाली? आमच्याकडे इतकी वर्षं राहिली, भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा कधी म्हणाली नाही. आणि बंदोबस्त म्हणे! चार दिवस कशाला, कायमची पाठव. मी तिलाही परस्पर लिहिलं आहे की, ताईला तुझं बोलणं जड होत असेल तर सामान बांधून ठेव, मी न्यायला येतो.

भावोजींना नमस्कार, त्यांच्या डोक्याला आराम पडो. रागावलो असलो तरी लोभ कमी नाही.
तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास, कान पिळून आशीर्वाद.

अरे शहाण्या, कुरकुर आईची नव्हे, जमिनीची! या घरात वरची जमीन लाकडी आहे, पाय पडला की फळ्या कुरकुरतात. तेवढंच लिहायचं राहिलं. तुझं पत्र उशिरा, काल सकाळी मिळालं. आधी पोट धरून हसले. मग आईलाही तू लिहिलंस हे वाचलं आणि हसू तिथेच थांबलं. कारण चार दिवस वरून आवाजच नव्हता. मला मेलीला वाटलं, हवा पालटली, फळ्या आपोआप बसल्या.

धावत वर गेले. आई पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, शेजारी बांधलेली पिशवी. आपला त्रास नको म्हणून जेवायला तेवढी खाली यायची, तीही भिंतीच्या कडेकडेने. मला रडूच फुटलं. सगळं समजावून सांगितलं. ती बरं बरं म्हणाली, पण पिशवी सोडीना.

मग मी कामच काढलं. सैल फळी खालच्या तुळईला स्क्रूने आवळायची असते, पण कुठली फळी ते कळायला वर कुणीतरी चालायला हवं. आईला फर्मावलं, चाल. मी खाली स्टुलावर, हातात झाडू. कुरकुरलं की छताला दांडा ठोकायचा आणि तिने तिथे खडूने फुली मारायची. आधी दबकत चालली. मी ओरडून सांगितलं, दणकून पाय टाक. पाय दणकायला लागले आणि तोंडही सुटलं! उशी उंच आहे, चहा पांचट असतो, घरात कुणी तिला कशाला हात लावू देत नाही, मी जेवताना तिच्याशी बोलतसुद्धा नाही. मीही खालून भांडून घेतलं. संध्याकाळी फळ्या गप्प झाल्या, आई नाही.

पण तू कधी येतोस, असं सारखं विचारते आहे. धाकट्या, मला ती जायला नको आहे. हे तिच्या तोंडावर बोलवत नाही, म्हणून तुला लिहिते. माझा जीव थाऱ्यावर नाही. माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

२० मार्च

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

तू न्यायला येणार म्हणून लिहिते. लेकीच्या घरी काही मागू नये असं मनात धरून बसले होते. हातांना काम नाही, मग पाय थांबेनात. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. त्या दिवशी चालता चालता बोलून गेले आणि बरं वाटलं. चहा सुधारला आहे. उशीवरून अजून वाद चालू आहे. तुझी ताई मला जा म्हणत नाही आणि राहा असंही म्हणत नाही, नुसती मागे मागे फिरते. ती लहानपणापासून अशीच.

तुला वाईट वाटेल, पण समजून घे. तुझ्या मुलींना घेऊन ये, आठ दिवस राहा. लोभ माझा दोघांवर सारखाच आहे. आणि इथे चार दिवसांचीच म्हणून निघाले होते, त्यामुळे माझं शिवणयंत्र तुझ्याकडेच ठेवलं होतं. येताना ते घेऊन ये.
तुझी आई