न धुतलेली शाल

प्रिय ताई,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

पार्सल मिळालं. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. भावोजींचा खोकला थांबला का?

बर्बन व्हिस्की चाखून तिच्यावर लिहायचं माझं काम मात्र सुटलं. त्या तापानंतर मला वासच येत नाही. परवा साहेबांनी ग्लास पुढे केला. मी हुंगून ठोकून दिलं, "व्हॅनिला, जळकं लाकूड." ते हळूच म्हणाले, "अरे, कोरा चहा आहे तो." आता बाटल्यांना लेबलं लावतो. काम हलकं आहे, काळजी करू नकोस.

आईची शाल तू मुद्दाम न धुता पाठवलीस. तिच्यात तोंड खुपसून बसलो, पण कसलाच वास आला नाही. आई गेली, हे मला तेव्हा कळलं.

शालीला तिचा वास कसा येत होता, तेवढं सविस्तर लिही.

तुझाच,
धाकटा