तुरीत उतरलेली पाहुणी आणि तुझा ब्लाउजपीस

धनज

तीर्थस्वरूप अंजनाताईस मनकर्णाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुरुमहाराजांच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? मंगरूळपीरला थंडी आमच्याएवढीच असणार, तरी विचारते. माझ्या मंजुषाच्या लग्नापासून दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, फोन वाजून वाजून थकतो, म्हणून पत्र लिहायला बसले. (फाडशील म्हणून मागची बाजू कोरी ठेवली आहे. कोरा कागद तुझ्याने फाडवणार नाही, आपण एकाच आईच्या.)

तर ताई, मागच्या शुक्रवारी आमच्या वावरात आभाळातून पाहुणी उतरली. आम्ही चौघीजणी तुरी सोंगत होतो. तेवढ्यात वरून एक पांढरी छत्री हेलकावे खात आली आणि तिच्याखाली लोंबणारा डबा अलगद तुरीत बसला. त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. मंजुषाचे बाबा मोबाईलवर रोज दुसऱ्या ग्रहांवरची माणसं पाहतात. त्यांनी विळा खाली ठेवला, 'हे तेच' असं जाहीर केलं आणि स्वतः धुरा ओलांडून शेजारच्या वावरात जाऊन उभे राहिले. (मी कुंकू त्यांच्याच नावाचं लावते.)

मला मात्र भीती वाटली नाही. चतुर्थीला सोंडेचा देव पुजायचा, नवरात्रात अठरा हातांच्या देवीपुढे बसायचं आणि दोन-चार हात जास्तीचे असलेल्या पाहुण्याला भ्यायचं, हे कसं? उलट आठ हात असले तर कापूस किती भराभर वेचला जाईल, असं आधी मनात आलं, आणि मग बांगड्या किती लागतील तेही आलं. तिकडे चंद्र दोन असले तर संकष्टी कोणता पाहून सोडायची? पाठीला डोळे असले तर सुनेला सासूपासून लपून काही खाता येत असेल का? आमच्यातली हिरीबाई म्हणाली, त्यांना पोटच नसतं, नुसता उजेड खातात. मी विचारलं, मग घरातली बाई दिवसभर करते काय? या प्रश्नावर आम्ही चौघी विळे हातात धरून बराच वेळ भांडलो.

शेवटी निवाडा हिरीबाईनेच केला. "एवढ्या दुरून एकटी आली, आन् मान खाली घालून नुसते डोळे मिचकावून राह्यली. नवी सूनच हाये थे." मग काय, पहिल्यांदा गावात आलेली बाई धनजातून रिकाम्या ओटीने गेली, असं वरच्या लोकांत कायमचं बोललं गेलं असतं. मी घरी धावले, तांदूळ आणि नारळ घेतला आणि पेटीच्या तळातून तो मोरपंखी ब्लाउजपीस काढला.

हो, तोच. आलेला ब्लाउजपीस कोणाकडून आला ते मी कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिते, म्हणजे फिरत फिरत तो देणारीच्याच ओटीत पडू नये. लग्नाच्या घाईत मी कोपरा न पाहता तो तुझ्याच ओटीत घातला, आणि तुझ्याच जावेने भर मांडवात तुझं नाव तुला वाचून दाखवलं. तू तो खुर्चीवर ठेवून उठलीस. तेव्हापासून तो मला कोणाला देववत नव्हता. म्हटलं, एवढ्या लांब गेला तर परत तरी येणार नाही.

आम्ही पाहुणीला मळवट भरला, ओटी भरली, ओवाळलं. दिवा विझला. आम्हाला वाटलं, लाजली.

दुपारी जीप आली. हवेचा अभ्यास करणारी माणसं होती, फुग्याला बांधून वर सोडलेलं त्यांचं यंत्र शोधत आली होती. त्यातल्या मुलीने ओल्या रुमालाने कुंकू पुसलं, तर खाली स्वच्छ मराठीत लिहिलेलं, 'घाबरू नये, सापडल्यास कळवावे'. नारळ त्यांनी प्रसाद म्हणून ठेवून घेतला. ब्लाउजपीस मात्र तिने नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि तिची नजर कोपऱ्यावर गेली.

"काकू, या अंजनाताई कोण?"

सगळं वावर माझ्याकडे पाहत होतं. मी म्हटलं, "माझी मोठी बहीण. मंगरूळपीरले राह्यते."

"मग जवळच की," ती म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

ताई, त्या डब्याशी काय बोलायचं ते मी घरी जाऊन येईपर्यंत ठरवलं होतं: गाव कोणतं, पाणी किती दिवसांआड येतं, जावा किती. तुझ्याशी पहिलं वाक्य काय बोलावं ते दोन वर्षांत ठरलं नाही. आता लिहून टाकते. चुकलं माझं.

भाऊजींना नमस्कार.

तुझी मनकर्णा

ता. क. : हे पत्र केवळ आभाळातली बातमी कळवण्यासाठी आहे. दुसरं काही काम नाही.

ता. क. दुसरा : मंजुषाला सातवा लागला. येत्या गुरुवारी डोहाळजेवण आहे. पहिली ओटी मावशीने भरायची असं तिने ठरवलं आहे, तू येईपर्यंत ती पाटावरून उठणार नाही म्हणते. तिची कंबर दुखते, तेव्हा सकाळच्या गाडीने ये.

ता. क. तिसरा : त्या जुन्या ब्लाउजपीसचं मी पोथी गुंडाळायला बासन शिवलं, त्याचं फिरणं संपलं. तुझ्यासाठी कारंज्याहून नवा आणला आहे. दुकानाची चिठ्ठी काढलेली नाही, तू पाहशीलच. कोपऱ्यावर नाव लिहिलं आहे, पण या वेळी घेणारीचं. आणि पेनने.