एकोणिसावा खिळा

सोमवार, ४ नोव्हेंबर
पोचले. गुडघा शाबूत, सामान शाबूत, फक्त बसमधल्या शेजारणीने तिच्या सुनेची कहाणी सांगून माझा कान झिजवला. नात न्यायला आली होती. तिला मी भुंगी म्हणते, कारण काम करताना ही सारखी तोंडातल्या तोंडात गुणगुणते. वाळून काटकी झाली आहे. स्वयंपाकघरात बघितलं तर बिस्किटांचे पुडे, कॉफी, आणि एक कांदा, ज्याला कोंब फुटून तो आता झाड व्हायच्या बेतात आहे. हिला जेवू घालायलाच मी आले आहे.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या, खिडकीतून थेट रान. सूर्य स्वयंपाकघरात उगवतो आणि भुंगीच्या टेबलावर मावळतो. त्या टेबलावर नकाशे, फिती, मातीचे बूट. टेबलावर बूट! बापावर गेली आहे.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, दिवसभर एकटी भिंतीशी भांडशील, त्यापेक्षा लिही. चार यत्ता शिकले आहे मी. चुका होतील. वाचणाऱ्याने गप वाचावं.

बुधवार, ६ नोव्हेंबर
नोकरी काय, तर रानात हरवलेल्या शिकारी क्लबांच्या खुणा शोधायच्या. पूर्वी बडे लोक इथे बंदुका घेऊन यायचे. त्यांचे बंगले, मचाणं, घोड्यांचे तबेले होते. मग शिकारीला बंदी आली, लोक गेले आणि रानाने सगळं गिळलं. संग्रहालयवाल्यांना आता ते परत हवंय. मी म्हटलं, जिवंत होते तेव्हा हरणं मारली, आता मेल्यावर त्यांच्या बाटल्या जपा.

आज तिच्याबरोबर गेले. तीन तास ती होकायंत्र घेऊन फिरली आणि हाती लागलं काय, तर गंजलेला डबा. मी एका जागी बसून सांगितलं, तिकडे खण. का, तर तिथे गुलाब होता. रानटी झालेला, पण गुलाबच. रानात आपणहून कोण गुलाब लावतं? तिथे जोतं निघालं. पोरीने माझ्या गालाचा मुका घेतला, घामट तोंडाने.

रानाचा राखणदार बरोबर होता. ऊन असो, ढग असो, याच्या हातात छत्री. मी त्याला छत्रीवाला म्हणते. त्याच्याकडे एक वही असते, रानात कोण गेलं आणि कोण परत आलं याची. माझं नाव लिहिताना वय विचारलं. मी म्हटलं, झाडांचं मोजतोस का रे कापून?

शनिवार, ९ नोव्हेंबर
आज रानाच्या पलीकडच्या अंगाला गेलो. तिथे सात दगडी पायऱ्या आहेत. वर काही नाही, नुसतं आकाश. तिसरी पायरी कोपऱ्यात फुटलेली.

मी भुंगीला म्हटलं गुडघा धरलाय, आणि खाली बसून राहिले.

ती पायरी मला ठाऊक आहे. लग्न झाल्यावर दोन वर्षं मी या रानाच्या त्या बाजूला राहिले. आता गावाचं नाव बदललंय, रस्ता बदललाय, आणि मी आले या बाजूने, म्हणून ओळखलं नाही. भुंगीचा आजोबा या क्लबात हाकाऱ्या होता. म्हणजे फळ्या बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर बंदुकांच्या पुढ्यात हाकलायचं. बंदी यायच्या आधीच्या शेवटच्या हाक्याला गेला तो आलाच नाही. मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, रानात कुणी उरलेलं नाही, मोजून सांगतो. त्याच आठवड्यात शेजारची एक बाईही घर सोडून गेली होती. लोकांनी दोन आणि दोन केले. मीही केले. लेक पोटात होता.

पन्नास वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. लेकालाही शिकवल्या. तीन वर्षांपूर्वी लेक गेला, तेव्हा शेवटच्या दिवशी म्हणाला, वर बाप भेटला तर त्याच्याशी बोलणार नाही.

भुंगीला यातलं एवढंच माहीत आहे की आजोबा पळून गेला. राहू दे.

सोमवार, ११ नोव्हेंबर
भुंगी नाचत घरी आली. पायऱ्यांच्या मागे कोसळलेल्या कौलांखाली एक सागवानी फळी सापडली. चोवीस खिळे, चोवीस पत्र्याचे बिल्ले, प्रत्येकावर आकडा. हाकाऱ्यांचे बिल्ले. बरोबर मेणकापडात गुंडाळलेली क्लबाची नियमांची चोपडी. फळी तिने माझ्या स्वयंपाकघरातच भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाली, बघ आजी, एकही कमी नाही, शेवटच्या हाक्यात सगळे सुखरूप परत आले.

एकोणिसाव्या बिल्ल्याची कडी तुटलेली आहे. तो खिळ्याला लाल रिबिनीने बांधलाय. आता मातकट झालीय, पण लालच ती. दुहेरी गाठ, वर फूल.

असं फूल मी बांधते. भुंगीची वेणी मी अशीच बांधायची.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
जेवताना भुंगीने चोपडी मोठ्याने वाचली. हाकाऱ्याने परत आल्यावर आपला बिल्ला फळीवर लावावा. सर्व खिळे भरले की शिट्टी द्यावी, आणि रानात कोणी शिल्लक नाही असे समजावे. एक जरी खिळा रिकामा असेल, तरी कोणीही घरी न जाता सर्वांनी उलट फिरून रान धुंडाळावे.

मी ताट उचललं आणि मोरीत गेले. नळ सोडून उभी राहिले.

लिहून टाकते. त्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो होतो, करपलेल्या दुधावरून. तो बाहेरच्या पायरीवरून म्हणाला, येतो. घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मी पाठ फिरवली. दुपारी त्याचा दुसरा सदरा धुवायला घेतला तर खिशात बिल्ला. आदल्या हाक्याची शिट्टी झाल्यावर तुटलेली कडी सांधायला घरी आणला होता आणि आज तसाच गेला. मला वाटलं, मुकादम ओरडेल. मला वाटलं, भांडण मिटेल. एवढं पोट घेऊन क्लबावर चालत गेले. चार वाजले होते. पडवीत कुणी नव्हतं. फळीवर बाकीचे लागत आले होते, एकोणीस रिकामा होता. कडी तुटलेली, म्हणून केसातली रिबीन काढून बांधला. फूल केलं, म्हणजे त्याला कळेल कुणी बांधला ते.

मला वाटलं होतं, फळी बिल्ले ठेवायला असते. फळी कशाला असते ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो रानात होता. पडला असेल, गोळी लागली असेल, काय असेल ते. खिळा रिकामा असता तर तेवीस माणसं उलट फिरली असती. खिळा मी भरला.

आयुष्यात मायेने केलेलं माझं तेवढं एकच काम.

बुधवार, १३ नोव्हेंबर
दुपारी चार वाजता रानात फळ्या बडवल्याचा आवाज आला. लांबून. ठक ठक, थांबून परत. लाकूडतोडे असतील म्हटलं. मग कुणीतरी ओरडलं. लांब ओढून, हाकारे ओरडतात तसं.

येतो—

मी खिडकी लावली. फळीवरचा एकोणीस ओला होता. बाकीचे तेवीस कोरडे. फडक्याने पुसला. चहा होईपर्यंत परत ओला. वास ओल्या पाल्याचा.

भुंगी आली तेव्हा तेच गुणगुणत होती. ठक ठक. मी विचारलं, हे कुठून उचललंस? तिला माहीत नव्हतं ती काय गुणगुणतेय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
सांगितलं तिला. सगळं, रिबिनीसकट. वाटलं, उठून जाईल. तिने माझे हात धरले. मी म्हटलं, सोड, कांद्याचे आहेत.

मग तिने गाठ सोडवली, बिल्ला काढला आणि खिशात टाकला. म्हणाली, आता खिळा रिकामा आहे आजी, म्हणजे शोधायला जायला हवं, मी जाते. मी ओरडले, बिल्ला ठेव. म्हणाली, नियम आहे, तो सापडेपर्यंत खिळा रिकामा राहू दे. लेकासारखीच हट्टी. एकदा वाटलं, पोरगी बरोबर बोलतेय. पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी शोधायला निघालंय. म्हणून आडवी आले नाही.

पायरीवरून म्हणाली, येते गं आजी.

या वेळी पाठ फिरवली नाही. वळणापर्यंत बघत होते. तिचा बिल्ला नव्हता तो. तिच्या खिशात होता पण. आता एकोणीस नंबर कोण?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
आली नाही.

छत्रीवाला वीस माणसं घेऊन आला. वहीत तिच्या नावापुढे गेली एवढंच आहे. माणसं हाका मारताहेत, शिट्ट्या मारताहेत. चार वाजता फळ्या वाजल्या. मी त्याला विचारलं, तुमची माणसं का? म्हणाला, कसल्या फळ्या, आजी? बसा तुम्ही.

फळीसमोर बसले आहे. खिळा रिकामा आहे. रिकामा आहे तोवर शोधतील. नजर काढणार नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर
पाणी प्यायला उठले. तेवढंच. वळले तर—

बिल्ला खिळ्यावर. ओला. भुंगीच्या केसांच्या निळ्या रबराने बांधलेला. फूल करायचा प्रयत्न केलाय. जाड बोटांनी, येत नसताना.

पायरीवर तिचे बूट. जोडीने ठेवलेले. आत पाला.

घरभर हाका मारल्या. नाही.

छत्रीवाल्याने बूट बघितले, वहीत खूण केली. म्हणाला, आली की परत. कुणीतरी तिला बसथांब्यावर बघितलंय म्हणे, कुणाबरोबर तरी. तरुण पोरी जातात आजी, चार दिवसांनी फोन येईल. मी पाय धरले त्याचे. मी! सांगितलं, बूट तिने ठेवले नाहीत, बिल्ला तिने बांधला नाही. ज्याने बांधला त्याला वाटलं भांडण मिटेल. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

माणसं घरी गेली. जाताना म्हणाला, रानात कुणी उरलेलं नाही, मोजून सांगतो.

रविवार, १७ नोव्हेंबर
गाठ सोडवली. रबर मनगटात घातलं, बिल्ला छातीवर लावला. खिळा रिकामा करून निघते. ही वही टेबलावर, तिच्या नकाशांवर ठेवते. ज्याला सापडेल त्याने ऐकावं. खिळ्यावर परत काही दिसलं तर विश्वास ठेवू नका. बूट दिसले तरी. माझी चप्पल दिसली तरी. फळीला माया कळत नाही. उलट फिरा. रान धुंडाळा. पोरगी तिथे आहे, बावीस वर्षांची, गुणगुणते. आणि एक माणूस आहे, त्याला सांगायचंय, की शिव्या—

चार वाजले. फळ्या. जवळ. गुलाबापाशी— नाही, कुंपणाशी.

थांबल्या.

पायरीवर कुणीतरी आहे. येतो, म्हणाला. पन्नास वर्षांत आवाज जरा म्हातारा झाला नाही.

त्याच्या मागे दुसरा आवाज. बारीक. गुणगुणत. येते गं आजी—

हे निघतानाचं येते आहे, की ती खरंच ये—