सदलग्याचं घर

शहापूर, सोमवार, पौष, १९३८

आज सदलग्याच्या चावडीवर जाऊन आलो. आप्पांचं लहानपणीचं घर शोधायला. आजोबा वारल्यावर आपण आणि थोरली बहीण आक्का चुलत्याच्या घरी वाढलो, एवढंच आप्पांना ठाऊक. ते घर एकदा बघायचं त्यांच्या लई मनात.

वारसाच्या नोंदीत घर चुलत्याच्या नावावर चढलेलं. पण त्यानंतरच्या खानेसुमारीच्या यादीत त्या घरात ही दोन पोरं नाहीतच. शेवटी तलाठ्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं : 'देवळामागचा गोठा. कुटुंबातील मुख्य, मुलगी, वय बारा. भाऊ, वय चार.'

मुख्य, वय बारा! ही आमची आत्या. वाटभर तेच डोक्यात.

घरी सांगावं की नको? सांगून टाकलं. लुगडं विणणारा आप्पांचा हातमाग थांबला.

"आक्का, आपण गोठ्यात राह्यलो व्हय?"

आत्या आधी माझ्यावर खेकसली, "कशाला उकरलंस रं?" मग आप्पांना म्हणाली, "चुलत्यानं दार लावून घेतलं. तुला सांगून काय करायचं हुतं?"

"थंडीत कसं केलंस गं?"

"गाय हुती की. तिच्या पोटाला लावून निजवायची तुला."

बारा वर्षांची पोर... आप्पा मागावरून उठले आणि चाळिशी उलटलेला हा माणूस तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला.

"अरं, लुगडं आज पुरं करायचंय न्हवं?" आत्या म्हणाली. पण त्यांच्या केसांतून फिरणारा हात तिनं काढला नाही.